ऑडिओ-व्हिडिओ स्ट्रीमिंग शिकताना : दोन संगणकांपासून थेट प्रक्षेपणापर्यंत

दोन संगणक, एक राउटर आणि एक गाण्याची फाइल. स्ट्रीमिंग शिकायला सुरुवातीला एवढंच लागतं. बरेच जण मात्र दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करतात. कॅमेरा जोडतात, कुठल्या तरी सेवेवर खातं उघडतात आणि थेट जगासमोर जातात. मग चित्र अडकलं की दोष कशात आहे ते कळत नाही: कॅमेऱ्यात, संगणकात, वायफायमध्ये, अपलोडमध्ये की बघणाऱ्याच्या फोनमध्ये? पाच ठिकाणी एकाच वेळी शंका असेल तर एकही नीट तपासता येत नाही.

म्हणून इथे क्रम वेगळा आहे. आधी फक्त आवाज, तोही एका खोलीतून दुसऱ्या खोलीत. मग थेट माइक. मग चित्र. घराबाहेर पडायचं ते सगळ्यात शेवटी. प्रत्येक टप्प्यावर एकच नवी गोष्ट वाढवायची, म्हणजे काही बिघडलं तर कुठे बघायचं ते आधीच माहीत असतं.

बफर म्हणजे पाण्याची टाकी

डाउनलोडमध्ये आख्खी फाइल उतरते आणि मग आपण ती लावतो. स्ट्रीमिंगमध्ये पुढचा भाग येत असतानाच आधी आलेला भाग वाजत असतो. वाजणं एकसारख्या वेगानं चालतं. एक सेकंदाचा आवाज एका सेकंदातच संपतो. नेटवर्कवरून येणारा माल मात्र कधी भराभर येतो, कधी थबकतो. या दोघांच्या मध्ये प्लेअर थोडा साठा करून ठेवतो. तोच बफर.

घरातल्या पाण्याच्या टाकीसारखं हे काम चालतं. वरून येणारी धार कमी-जास्त होते, खालचा नळ मात्र सारखा वाहतो, कारण मध्ये टाकी आहे. टाकी मोठी असेल तर वरचं पाणी बराच वेळ बंद पडलं तरी खाली जाणवत नाही. पण मोठी टाकी भरायला वेळ लागतो. थेट प्रक्षेपणात हा वेळ म्हणजेच उशीर: समोर घडलेली गोष्ट ऐकणाऱ्यापर्यंत तितकी मागून पोचते. आणि सरासरी आवकच वापरापेक्षा कमी असेल, तर टाकी कितीही मोठी करा, ती कधी ना कधी रिकामी होणारच. पडद्यावर गोल फिरणारं चिन्ह दिसतं ते त्या क्षणी.

पुढे लागणारे जवळजवळ सगळे निर्णय यातून निघतात. कुठलंही स्ट्रीम अडखळलं की मी आधी एकच प्रश्न विचारतो: धार कमी आहे, की टाकी लहान आहे? दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

बिटरेटचं गणित हातानं करून बघा

दर सेकंदाला किती माहिती जाते, तो बिटरेट. सीडीवरचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो, प्रत्येक मोजमाप १६ बिटचं आणि डावा-उजवा असे दोन चॅनेल. गुणाकार केला तर सेकंदाला १४,११,२०० बिट, म्हणजे सुमारे १,४११ किलोबिट. त्याच गाण्याची एमपी३ फाइल १२८ किलोबिटची असेल तर माहिती साधारण अकरा पटींनी आटलेली असते.

व्हिडिओचा आकडा बघितला की कोडेक, म्हणजे माहिती आटवून लहान करण्याची पद्धत, का हवा ते लगेच पटतं. १९२० गुणिले १०८० ठिपके, प्रत्येक ठिपक्याला २४ बिट, सेकंदाला ३० चित्रं. हे होतात जवळपास १.४९ गिगाबिट दर सेकंदाला. घरातली नेहमीची गिगाबिट केबलसुद्धा याला पुरणार नाही. एच.२६४ हा कोडेक तेच चित्र पाच-सहा मेगाबिटमध्ये बसवतो. त्यासाठी तो प्रत्येक चित्र पूर्ण पाठवत नाही. अधूनमधून एक पूर्ण चित्र पाठवतो, त्याला कीफ्रेम म्हणतात, आणि त्यानंतर आधीच्या-नंतरच्या चित्रांच्या तुलनेत काय बदललं तेवढंच सांगतो. ही कीफ्रेम लक्षात ठेवा, पुढे तिच्यावरून बरंच काही ठरणार आहे.

किलोबिट आणि किलोबाइट यांत गल्लत होऊ देऊ नका. आठ बिटांचा एक बाइट. इंटरनेटचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार बाइटमध्ये दिसतो. १२८ किलोबिटचं स्ट्रीम तासभर ऐकलं तर १२८ गुणिले ३,६०० भागिले ८, म्हणजे ५७.६ मेगाबाइट खर्च होतात. अडीच मेगाबिटचा व्हिडिओ तासाला सव्वा गिगाबाइटच्या जरा आत राहतो.

कोडेक आणि फाइलचा प्रकार यांचीही अशीच सरमिसळ होते. एमपी४ किंवा एमकेव्ही हे डबे आहेत. आत भरलेला माल म्हणजे एच.२६४, एएसी, ओपस वगैरे. प्लेअर डबा उघडू शकला आणि आतला माल त्याला ओळखता आला नाही, तर चित्र दिसतं पण आवाज नाही, किंवा उलट. नव्या माणसानं व्हिडिओला एच.२६४ आणि आवाजाला एएसी घ्यावं. एच.२६४ हे २००३ सालचं मानक आहे आणि आज क्वचितच एखाद्या उपकरणावर ते चालत नाही. एव्ही१ हा कोडेक त्याहून काटकसरी आहे, पण एन्कोड करायला, म्हणजे त्या रूपात आटवायला, जड. ते नंतर शिकता येईल.

पहिला प्रयोग : एका संगणकावरून दुसऱ्यावर गाणं

दोन्ही संगणकांवर व्हीएलसी घाला. हा प्लेअर मोफत आहे, आणि तो स्ट्रीम पाठवूही शकतो हे अनेकांना माहीत नसतं. खालचा मेनू विंडोज आणि लिनक्सवरचा आहे.

१. पाठवणाऱ्या संगणकाचा स्थानिक पत्ता शोधा. नेटवर्क सेटिंग्जमध्ये आयपीव्ही४ ॲड्रेस म्हणून तो दिसतो, बहुधा १९२.१६८ नं सुरू होणारा. समजा तो १९२.१६८.१.२० आहे. (टाइप करताना अर्थातच रोमन अंक वापरा.)

२. व्हीएलसीत ‘मीडिया’ मेनूतून ‘स्ट्रीम’ निवडा, फाइल जोडा आणि खालचं ‘स्ट्रीम’ बटण दाबा.

३. ‘नेक्स्ट’ दाबून ‘न्यू डेस्टिनेशन’मध्ये ‘एचटीटीपी’ निवडा आणि ‘ॲड’ दाबा. पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरच्या सेवेचा क्रमांक, ८०८० राहू द्या.

४. पुढच्या पानावर ट्रान्सकोडिंगसाठी, म्हणजे एका कोडेकमधून दुसऱ्यात बदलण्यासाठी, एमपी३ ऑडिओचं प्रोफाइल घ्या आणि शेवटी ‘स्ट्रीम’ दाबा. फायरवॉलनं परवानगी विचारली तर फक्त खासगी नेटवर्कसाठी द्या.

५. दुसऱ्या संगणकावर ‘मीडिया’ मेनूतलं ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’ उघडा. तिथे एचटीटीपी, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि त्यापुढे १९२.१६८.१.२०:८०८० असा पत्ता टाका.

गाणं वाजलं तर छान. नाही वाजलं तर घाईनं सगळ्या सेटिंग्ज बदलू नका. आधी पाठवणाऱ्याच संगणकावर व्हीएलसीची दुसरी खिडकी उघडा आणि १२७.०.०.१ या पत्त्यावर, त्याच पोर्टवर ऐकून बघा. हा पत्ता म्हणजे ‘मी स्वतः’. इथे वाजत असेल तर पाठवणं ठीक आहे आणि अडथळा वाटेत आहे: एकतर फायरवॉल, नाहीतर राउटर. दोन्ही संगणक एकाच वायफायवर आहेत ना हेही पाहा. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वायफायवरची उपकरणं एकमेकांना दिसू नयेत अशीच बहुधा सोय केलेली असते. एकदा माझी पूर्ण संध्याकाळ सर्व्हर तपासण्यात गेली, आणि ऐकणारा लॅपटॉप गेस्ट वायफायवर होता. तेव्हापासून मी आधी दोन्हीकडचे पत्ते जुळवून बघतो.

आता खरा अभ्यास. ‘ओपन नेटवर्क स्ट्रीम’च्या खिडकीत ‘शो मोअर ऑप्शन्स’वर टिचकी मारलीत की ‘कॅशिंग’ नावाचा आकडा दिसेल. मुळात तो १,००० मिलिसेकंद असतो. हीच टाकी. तो १०० करा आणि ऐकणारा लॅपटॉप हातात घेऊन राउटरपासून दूर चालत जा. आवाज तुटायला लागेल. मग ५,००० करा आणि तीच फेरी पुन्हा मारा. सुरुवात उशिरा होईल, पण तुटणं बरंच कमी होईल. नुसतं वाचून जे डोक्यात बसत नाही ते या दोन फेऱ्यांत बसतं, म्हणून हा प्रयोग कृपया वगळू नका.

दुसरा टप्पा : स्वतःचं छोटं रेडिओ केंद्र

फाइल वाजली, आता थेट माइक. यासाठी आइसकास्ट हा मोफत सर्व्हर आणि बट नावाचं लहानसं मोफत सॉफ्टवेअर पुरतं. कामाची विभागणी इथे स्पष्ट दिसते: बट माइकचा आवाज घेऊन एमपी३ करतं आणि आइसकास्टला एकदाच पाठवतं; आइसकास्ट त्याच्या प्रती करून प्रत्येक ऐकणाऱ्याला देतो. तयार करणारा, वाटणारा आणि ऐकणारा ही तीन माणसं मोठ्यातल्या मोठ्या सेवेतही असतात.

आइसकास्टच्या सेटिंगच्या फाइलमध्ये सोर्स, रिले आणि ॲडमिन असे तीन पासवर्ड असतात. मूळ फाइलच्या नमुन्यात तिथे ‘हॅकमी’ हा शब्द लिहिलेला असतो. सर्व्हर सुरू करण्याआधी ते बदला. घरातला प्रयोग असला तरी बदला, कारण पुढे हीच फाइल बाहेरच्या सर्व्हरवर जाते. पोर्ट ८००० ठेवा. बटमध्ये सर्व्हरचा पत्ता, पोर्ट, सोर्स पासवर्ड आणि माउंट पॉइंट भरा. माउंट पॉइंट म्हणजे तुमच्या केंद्राचं नाव, तिरप्या रेघेनंतर येणारं. ऐकणाऱ्यानं ब्राउझरमध्ये पत्ता, पोर्ट आणि हे नाव टाकलं की झालं.

फक्त बोलणं असेल तर मोनो आणि ६४ किलोबिट पुरे. संगीत असेल तर स्टिरिओ आणि १२८ पासून वर. पातळीचा काटा जोरात बोलताना उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान पोचावा. शून्याला टेकला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कुठल्याही उपायानं सांधता येत नाही. कानाला हेडफोन लावा, नाहीतर स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून शिट्टी वाजू लागेल.

तुम्ही ‘हॅलो’ म्हटल्यावर ते दुसऱ्या संगणकावर काही सेकंदांनी ऐकू येईल. हा उशीर कुठून येतो ते मोजता येतं. नवा श्रोता जोडला गेला की आइसकास्ट त्याला आधीचा सुमारे ६४ किलोबाइट साठा एकदम देतो, म्हणजे त्याची टाकी ताबडतोब भरते आणि आवाज लगेच सुरू होतो. १२८ किलोबिटच्या हिशोबानं हा साठा चार सेकंदांचा. ६४ किलोबिटला तोच साठा आठ सेकंदांचा होतो. बिटरेट अर्धा केला की उशीर दुप्पट, हे पहिल्यांदा अनुभवताना विचित्र वाटतं, पण टाकीचं माप लिटरमध्ये ठरलेलं आणि नळ बारीक केलेला, असं म्हटलं की उलगडतं.

१९९५ साली रिअलऑडिओ हे इंटरनेटवरून आवाज ऐकवणारं सॉफ्टवेअर आलं तेव्हा लोकांकडे १४.४ आणि २८.८ किलोबिटचे मोडेम होते. आज आपण नुसत्या बोलण्याला देतो त्या ६४ किलोबिटच्या निम्म्याहूनही कमी जागेत त्या लोकांनी थेट प्रक्षेपण ऐकवलं. बिटरेट वाढवायचा मोह होतो तेव्हा मला हे आठवतं. कमी बिटरेटचा पण अखंड आवाज लोक शेवटपर्यंत ऐकतात. उत्तम दर्जाचा पण तुटणारा आवाज दोन मिनिटांत बंद करतात.

प्रोटोकॉलची नावं ऐकून घाबरू नका

नेटवर्कवर माल पाठवायच्या मुख्य रीती दोन. टीसीपीमध्ये माहितीचं एखादं पाकीट हरवलं तर ते पुन्हा मागवतात आणि ते येईपर्यंत मागची सगळी पाकिटं थांबतात. काही गळत नाही, पण खोळंबा होतो. यूडीपीमध्ये पाकीट टाकलं की टाकलं; हरवलेल्यासाठी कोणी थांबत नाही. समोरासमोरच्या संभाषणात क्षणभर आवाज खरखरला तर चालतो, दोन सेकंद थांबला तर चालत नाही, म्हणून तिथे यूडीपी. आधीच ध्वनिमुद्रित व्याख्यान बघताना दोन सेकंदांनी काही बिघडत नाही, तिथे टीसीपी.

बाकीची नावं या दोहोंवर उभी आहेत, आणि ती ‘आत नेणारी’ आणि ‘बाहेर वाटणारी’ अशी वेगळी केली की गोंधळ निम्मा होतो. तुमच्या संगणकापासून सर्व्हरपर्यंत नेण्यासाठी आरटीएमपी (पोर्ट १९३५) अजूनही सर्वांत सोपं. ते फ्लॅश या ब्राउझरमधल्या जुन्या प्लेअरसाठी जन्मलं. फ्लॅशचा आधार २०२० च्या शेवटी संपला, तरी आरटीएमपी या कामापुरतं टिकून आहे. नेटवर्क खराब असेल तर एसआरटी चांगलं: ते यूडीपीवर चालतं, पण हरवलेली पाकिटं ठरावीक वेळेच्या आत पुन्हा मागवून घेतं. आयपी कॅमेरे बहुधा आरटीएसपी बोलतात, नेहमीचं पोर्ट ५५४.

बघणाऱ्यांना वाटण्यासाठी एचएलएस आणि डॅश. ॲपलनं २००९ मध्ये आणलेली एचएलएसची कल्पना फार साधी आहे. व्हिडिओचे काही सेकंदांचे तुकडे करायचे, त्यांची यादी एका लहान मजकुराच्या फाइलमध्ये लिहायची आणि सगळं साध्या वेब सर्व्हरवर ठेवायचं. प्लेअर यादी वाचतो आणि एकेक तुकडा उचलतो. एकच व्हिडिओ तीन-चार दर्जांत ठेवला तर प्लेअर आपल्या वेगानुसार पुढचा तुकडा कुठल्या दर्जाचा घ्यायचा ते स्वतः ठरवतो. चालत्या व्हिडिओत चित्र अचानक धूसर होऊन पुन्हा स्पष्ट होतं ते यामुळेच. किंमत उशिराची: सहा सेकंदांचे तुकडे आणि प्लेअर तीन तुकडे मागून सुरू करतो, म्हणजे अठरा सेकंद तिथेच गेले.

तिसरा मार्ग वेबआरटीसी. ब्राउझरमधले व्हिडिओ कॉल यावरच चालतात. उशीर अर्ध्या सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी. पण शेकडो लोकांपर्यंत नेणं एचएलएसपेक्षा अवघड आणि खर्चिक. प्रेक्षकांशी दुतर्फा बोलायचं असेल तरच हा घ्या. नुसतं दाखवायचं असेल तर उशीर सोसून एचएलएस घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा टप्पा : चित्र

ओबीएस स्टुडिओ आणि मीडियाएमटीएक्स, दोन्ही मोफत. ओबीएस कॅमेऱ्याचं चित्र आणि आवाज एन्कोड करून पाठवतं. मीडियाएमटीएक्स हा एकाच फाइलचा सर्व्हर आहे. उतरवा, उघडा, सुरू होतो. तो आरटीएमपीनं आत घेतो आणि तेच एचएलएसनं व वेबआरटीसीनं बाहेर देतो, म्हणून शिकण्यासाठी फार सोयीचा.

ओबीएसच्या सेटिंग्जमध्ये आधी ‘व्हिडिओ’कडे जा: आउटपुट १२८० गुणिले ७२०, सेकंदाला ३० चित्रं. ‘आउटपुट’मध्ये ॲडव्हान्स्ड प्रकार निवडून एच.२६४ एन्कोडर, रेट कंट्रोल सीबीआर (सतत एकच बिटरेट), बिटरेट २,५०० किलोबिट. ऑडिओ १२८ किलोबिट, ४८ किलोहर्ट्झ. १०८०पी नंतर करा. ठिपके सव्वादोन पट होतात आणि संगणकावरचा भारही तसाच वाढतो.

आता कीफ्रेम इंटरव्हल. ओबीएसमध्ये मूळ आकडा शून्य असतो, म्हणजे निर्णय एन्कोडरवर सोडलेला. एक्स२६४ हा एन्कोडर मग २५० चित्रांपर्यंत वाट पाहतो, म्हणजे सेकंदाला ३० चित्रांच्या हिशोबानं आठ सेकंदांहून जास्त. नव्यानं आलेला प्रेक्षक पूर्ण चित्र मिळेपर्यंत काहीच बघू शकत नाही, आणि एचएलएसचा तुकडाही कीफ्रेमपाशीच कापता येतो. म्हणजे तुम्ही दोन सेकंदांचे तुकडे मागितले तरी ते आठ सेकंदांचे होणार आणि उशीर त्या पटीत वाढणार. शून्याच्या जागी २ लिहा. या एका आकड्यानं सुटणाऱ्या तक्रारी बाकी सगळ्या सेटिंग्ज मिळून सुटत नसतील.

‘स्ट्रीम’मध्ये सर्व्हिस ‘कस्टम’ ठेवा. सर्व्हरच्या जागी आरटीएमपीनं सुरू होणारा पत्ता, सर्व्हरचा आयपी आणि तिरप्या रेघेनंतर एक नाव, समजा ‘चाचणी’, रोमन अक्षरांत. स्ट्रीम की रिकामी राहू द्या. ‘स्टार्ट स्ट्रीमिंग’ दाबा. आता दुसऱ्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये त्याच आयपीवर पोर्ट ८८८८ आणि तेच नाव टाकलं की एचएलएस दिसेल. ८८८९ वर वेबआरटीसी.

८८८९ वर चित्र दिसण्यासाठी एन्कोडरच्या सेटिंग्जमध्ये बी-फ्रेम (नंतरच्या चित्रावरही अवलंबून असणारी चित्रं) शून्य कराव्या लागतात. मग चित्र दिसेल, पण आवाज येणार नाही. घाबरू नका, हे डबा आणि मालाचंच प्रकरण आहे: ओबीएस आरटीएमपीवरून एएसी आवाज पाठवतं, आणि ब्राउझरचं वेबआरटीसी एएसी ओळखत नाही, त्याला ओपस लागतं. तिथे आवाज हवा असेल तर ओबीएसच्या नव्या आवृत्त्यांमध्ये सर्व्हिसच्या यादीत ‘व्हिप’ हा पर्याय असतो. त्यातून पाठवलं की आवाज ओपसमध्येच जातो.

दोन्हींतला उशीर मोजून बघा. फोनवर स्टॉपवॉच सुरू करून कॅमेऱ्यासमोर धरा आणि फोन व प्रेक्षकाचा पडदा एकत्र दिसेल असा फोटो काढा. दोन आकड्यांतली वजाबाकी म्हणजे तुमचा उशीर. मीडियाएमटीएक्स एचएलएसचा कमी उशिराचा प्रकार वापरतो, त्यामुळे वर म्हटलेले अठरा सेकंद इथे दिसणार नाहीत, तरी वेबआरटीसीपेक्षा फरक ठळक असेल.

ओठ आणि आवाज जुळतात का, हे कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवून बघा. ही परीक्षा ब्लूटूथ हेडफोनवर करू नका. त्यांचा स्वतःचा उशीर असतो आणि तुम्ही नसलेला दोष दुरुस्त करत बसाल. फरक खरोखर असेल तर ओबीएसच्या ॲडव्हान्स्ड ऑडिओ प्रॉपर्टीजमध्ये ‘सिंक ऑफसेट’ मिलिसेकंदात बदलता येतो. बहुतेकदा चित्रच मागे असतं, म्हणून आवाजाला थोडं मागे ढकलावं लागतं.

अडखळतंय. कुठे?

ओबीएसच्या ‘स्टॅट्स’ खिडकीत तीन आकडे वेगवेगळे असतात आणि निदान तिथेच होतं. रेंडरिंग लॅगमुळे चुकलेली चित्रं वाढत असतील तर ग्राफिक्स कार्डावर ताण आहे. दुसरे जड प्रोग्रॅम बंद करा. एन्कोडिंग लॅगमुळे गळलेली चित्रं वाढत असतील तर एन्कोडरला वेळ पुरत नाही. प्रीसेट (एन्कोडरनं किती मेहनत घ्यायची ते ठरवणारी सेटिंग) हलका घ्या, आकार कमी करा किंवा ग्राफिक्स कार्डातला एन्कोडर निवडा. नेटवर्कमुळे गळलेली चित्रं वाढत असतील तर तुमच्याकडून सर्व्हरकडे जाणारी धार अपुरी आहे. बिटरेट उतरवा किंवा केबल लावा. तिन्ही शून्यावर असूनही बघणाऱ्याचं अडकत असेल, तर दोष सर्व्हरच्या पुढे आहे आणि तुमच्या ओबीएसला हात लावायची गरज नाही.

केबलबद्दल आग्रहानं सांगतो. पाठवणारा संगणक वायफायवर ठेवू नका. बघणाऱ्याकडे टाकी आहे, त्याचं वायफाय क्षणभर डळमळलं तर निभावतं. पाठवणाऱ्याकडे झालेली गळती मात्र प्रत्येक प्रेक्षकाला भोगावी लागते. केबल शक्यच नसेल तर निदान ५ गिगाहर्ट्झचं वायफाय आणि राउटर त्याच खोलीत.

एकाच इमारतीत अनेक पडद्यांवर दाखवायचं असेल तर मल्टिकास्ट हा पर्याय आहे. २३९ नं सुरू होणाऱ्या पत्त्यावर एकच प्रत पाठवायची, आणि ज्याला हवी त्याच्याकडे नेटवर्क स्विच ती वळवतो. केबलवर, आयजीएमपी स्नूपिंग (कुणी प्रत मागितली आहे ते स्विचनं टिपणं) चालू असलेल्या स्विचवर हे सुंदर चालतं. वायफायवर सहसा फसतं, कारण तिथे मल्टिकास्ट अगदी कमी वेगानं आणि पोच न घेता पाठवलं जातं.

शेवटचा टप्पा : घराबाहेर

आधी अपलोडचा वेग मोजा, डाउनलोडचा नव्हे. अनेक जोडण्यांवर अपलोड खूप कमी असतो. स्ट्रीमचा एकूण बिटरेट त्याच्या निम्म्यापर्यंतच ठेवा. पाच मेगाबिट अपलोडवर अडीच मेगाबिटचं स्ट्रीम निर्धास्त चालतं, साडेचार मेगाबिटचं कधी कोलमडेल सांगता येत नाही.

मग प्रेक्षकांचा गुणाकार. ५० श्रोते गुणिले १२८ किलोबिट म्हणजे ६.४ मेगाबिट, घरच्या जोडणीवर कदाचित निभेल. पण १०० प्रेक्षक गुणिले अडीच मेगाबिट म्हणजे २५० मेगाबिट, आणि तासाला ११२ गिगाबाइटहून जास्त. म्हणून वाटपाचं काम घरातल्या सर्व्हरकडे ठेवू नका. भाड्याचा सर्व्हर घ्या किंवा एखाद्या सार्वजनिक सेवेला एकच प्रत द्या आणि तिला वाटू द्या. प्रेक्षक हजारोंत असतील तर सीडीएन, म्हणजे ठिकठिकाणी प्रती ठेवून वाटणाऱ्या सर्व्हरचं जाळं, लागतं. एचएलएसचे तुकडे साध्या फाइली असल्यामुळे ते सीडीएनवर सहज बसतं.

घरूनच वाटायचं ठरवलंत, तर राउटरमध्ये त्या एका पोर्टचं फॉरवर्डिंग करावं लागेल, म्हणजे बाहेरून त्या पोर्टवर येणारी मागणी तुमच्या सर्व्हरकडे वळवावी लागेल. त्याआधी राउटरचा बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ च्या दरम्यान असेल तर इंटरनेट कंपनीनं अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहेत आणि फॉरवर्डिंगचा उपयोग होणार नाही.

बाहेर पडताना आणखी दोन गोष्टी हमखास आडव्या येतात. तुमचं पान एचटीटीपीएसवर असेल तर स्ट्रीमही एचटीटीपीएसवरच हवं, नाहीतर ब्राउझर ते अडवू शकतो. आणि पान उघडताच आवाजासकट आपोआप वाजवणं ब्राउझर सहसा होऊ देत नाहीत. प्रेक्षकाला ‘प्ले’ दाबू द्या, किंवा आवाज बंद ठेवून सुरू करा.

स्ट्रीम की हा पासवर्ड आहे. पडदा दाखवताना ओबीएसची सेटिंग्ज उघडू नका, आणि स्वतःच्या सर्व्हरवर प्रक्षेपणासाठी पासवर्ड लावल्याशिवाय तो बाहेर आणू नका. दुसऱ्याचं संगीत वाजवायला परवानगी लागते, आणि कॅमेऱ्यात दिसणाऱ्या माणसांना आधी विचारलेलं असावं.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी, त्याच जागेवरून, त्याच केबलनं, त्याच वेळी पूर्ण एक तास चाचणी घ्या. पाच मिनिटांत न दिसणारे दोष, जसं तापलेला लॅपटॉप किंवा संध्याकाळी मंदावणारं अपलोड, तासाभरात समोर येतात. ओबीएसमध्ये रेकॉर्डिंगही चालू ठेवा, एमकेव्हीमध्ये. साध्या एमपी४ ची अनुक्रमणिका शेवटी लिहिली जाते, त्यामुळे मध्येच वीज गेली तर ती फाइल उघडतच नाही, एमकेव्ही मात्र तिथपर्यंतची वाचते. आणि एक फोन वायफाय बंद करून मोबाइल डेटावर ठेवा, त्याला हेडफोन लावा आणि तो अशा माणसाच्या हाती द्या ज्याच्याकडे त्या वेळी दुसरं काहीच काम नाही. आवाज गेला तर तो तुम्हाला पहिल्या दहा सेकंदांत येऊन सांगेल.